नानाकाकांच्या सामानाविषयी

हॅरो, लंडन
दि. ९ नोव्हेंबर २०२५

ती. स्व. दादा व सौ. वहिनी यांस
कृ. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आईने नानाकाकांची चाकाची खुर्ची, वॉकर आणि बॅटरीवरची स्कूटर यांचे पुढे काय, असे विचारले आणि ‘सगळे जहाजाने मिरजेला पाठवून दे, इथे घेणारा सापडेल’ असे सांगून फोन ठेवला. दोन मिनिटांत उत्तर देता येण्यासारखा तो विषय नव्हता, म्हणून हे पत्र. ते आईला सावकाश वाचून दाखवावे, कारण यात तिचे अर्धेच म्हणणे मी मानले आहे.

सर्वांत आधी मला यातले आपले किती, हेच शोधावे लागले. काका घरात वापरीत ती खुर्ची एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची होती. ती माणसाचे माप घेऊन वापरायला मिळते आणि गरज संपली की परत करायची असते. वरखाली होणारा पलंग आणि कमोडची खुर्चीही अशीच काउन्सिलमार्फत, म्हणजे इथल्या पालिकेमार्फत आलेली. सांगाड्याच्या खालच्या अंगाला नंबराची चिकटपट्टी असते. मी टॉर्च घेऊन, जमिनीवर पालथी पडून एकेक वाचली. पलंग आठवड्यात गेला. खुर्चीसाठी मात्र तीनदा फोन करून पाच आठवडे वाट पाहावी लागली आणि तेवढे दिवस ती रिकामी खुर्ची बैठकीच्या खोलीत दाराकडे तोंड करून उभी राहिली.

नेण्याच्या आदल्या रात्री मी ती पुसायला घेतली, तेव्हा पुढच्या डाव्या लहान चाकाच्या आसाभोवती करड्या लोकरीचा आणि केसांचा घट्ट वेढा बसलेला दिसला. खुर्ची डावीकडे ओढते, अशी काकांची वर्षभर तक्रार होती आणि तुमचा डावा हातच जोर कमी लावतो, असे आम्ही त्यांना ऐकवीत होतो. क्रोशाच्या सुईने तो वेढा उकलायला पाऊण तास लागला; नंतर चाक नुसत्या बोटाच्या धक्क्याने गरगर फिरले. लोकर वहिनींनी विणून पाठवलेल्या शालीची होती. शाल ते शेवटपर्यंत पांघरीत होते, हे वहिनींना कळावे म्हणून लिहिले. मनाला लावून घेऊ नये.

जिन्यावरच्या सरकत्या खुर्चीचा प्रश्न लवकर मिटला. सरळ जिन्याचा रूळ कापून दुसऱ्या घरी बसवता येतो, पण काकांचा जिना मधल्या चौकातून वळतो आणि वळणाचा रूळ त्या एकाच जिन्यासाठी वाकवून घडवलेला असतो. बसवताना काकांनी जेवढे मोजले, त्याचा विचारही आता करू नये. काढून नेणाऱ्याने त्याबद्दल काही मागितले नाही, एवढाच फायदा.

खरी अडचण स्कूटरची होती. ती काकांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली, चार चाकांची, दिवे, आरसा आणि भोंगा असलेली. रस्त्यावर ताशी ८ मैल म्हणजे साधारण १३ किलोमीटर आणि पदपथावर त्याच्या निम्म्या वेगाने चालणारी. अशा गाडीला लायसन्स लागत नाही आणि वाहनकरही पडत नाही. पण तिची नोंदणी मोटारीसारखी डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे करावी लागते आणि ती फक्त आजार, दुखापत किंवा अपंगत्वामुळे चालायला त्रास होणाऱ्या व्यक्तीने वापरायची, असा नियम आहे. जूनमध्ये काका रुग्णालयात गेले ते परत आलेच नाहीत आणि त्या गडबडीत स्कूटर चार्जिंगला लावायची कोणालाच आठवण राहिली नाही. तिच्या दोन १२ व्होल्टच्या शिशाच्या बॅटऱ्या तशाच उतरून पडून राहिल्या आणि सप्टेंबरात पाहिले तेव्हा कायमच्या गेल्या होत्या. १८० पौंड खर्चून मी नव्या बसवून घेतल्या. बंद स्कूटर देणे म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात खर्च बांधणे, असे मला वाटले.

मंडळातल्या ओळखीच्या लोकांत आणि काकांच्या गल्लीत मी शब्द टाकून ठेवला होता. पहिले गृहस्थ आले त्यांचे पाय ठणठणीत होते आणि त्यांना ती विकायची होती, हे त्यांच्या तिसऱ्या प्रश्नातच कळले. दुसऱ्या बाईंना खरी गरज होती, पण त्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि खाली गाडी ठेवायला व चार्ज करायला जागा नाही. त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटले; तरी पावसात उभी राहून ती गाडी एका हिवाळ्यात खलास झाली असती.

तिसरे आले ते केनियात वाढलेले एक गुजराती आजोबा, दोन्ही गुडघ्यांनी जेरीला आलेले. ते काकांपेक्षा चांगले चार बोटे बुटके. आम्ही आसन पुढे सरकवले, सुकाणूचा दांडा त्यांच्याकडे झुकवला आणि गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. हातातली तरफ सोडली की गाडी आपोआप थांबते, यावर त्यांचा विश्वास बसायला तिसरी फेरी लागली. मागच्या बाजूचा पिवळा खटका मी त्यांना दोनदा दाखवला. तो ओढला की मोटर सुटते आणि गाडी हाताने ढकलता येते, पण मग ब्रेकही लागत नाही, म्हणून उतारावर त्याला हात लावायचा नाही. काका एकदा त्यामुळे शेजाऱ्यांच्या कुंपणात गेले होते, हेही सांगितले, तेव्हा आजोबा हसले आणि सूनबाई हसल्या नाहीत. त्यांच्या घरी गॅरेज आहे, तिथे प्लग आहे आणि त्या सूनबाईंनी दर आठवड्याला गाडी चार्ज करण्याचे कबूल केले. त्यांनी पैसे पुढे केले, त्यातले बॅटऱ्यांचे तेवढे मी घेतले. नोंदणी आता त्यांच्या नावावर होईल.

आता आईच्या आग्रहाबद्दल. बॅटऱ्यांसह ती गाडी १२० किलोची. जहाजाचे भाडे आणि जकात भरून ती मिरजेला आणली असती, तरी तिचे पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर. आपल्या गल्लीच्या तोंडावरची गटाराची फरशी तिने पहिल्याच दिवशी घासली असती आणि आतला कंट्रोलर बिघडला, तर तो भाग पुन्हा इथूनच मागवावा लागला असता. तिथे तिचे कौतुक चार दिवस झाले असते आणि पाचव्या दिवसापासून तिच्यावर गोधड्या वाळत पडल्या असत्या.

मी हे रागाने लिहीत नाही, पण आजीच्या खुर्चीचे काय झाले, ते मला विसरता येत नाही. आपण ती एका संस्थेला दिली, पावती घेतली, फोटो काढला आणि चार वर्षांनी मी एका कार्यक्रमाला तिथे गेले, तर ती जिन्याखाली होती. टायर चिरलेले आणि बैठकीवर जुन्या अहवालांचे गठ्ठे. देताना ती कोण वापरणार, हे आपण विचारलेच नव्हते. म्हणून या वेळी वापरणारा माणूस दिसल्याशिवाय मी एकही वस्तू हातची सोडली नाही.

साधा वॉकर आणि न्हाणीतले स्टूल मी इथेच दोघांना दिले. तसा वॉकर तिकडे औषधांच्या दुकानात मिळतो, रुग्णसाहित्य केंद्रात अनामत भरून वापरायला मिळतो आणि दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून मोफत मिळतो. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला अशा साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देतात. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असावे लागते. दादा, कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांनी अर्ज केला आहे का, ते एकदा विचारावे.

जानेवारीत येताना मी कोणाला देण्यासाठी एकच गोष्ट आणणार आहे: काकांचा चार चाकांचा, हँडब्रेकचा आणि मध्ये बसायला पट्टी असलेला वॉकर. तो ॲल्युमिनियमचा असून साडेसहा किलो भरतो आणि घडी घालून विमानाच्या सामानात बसतो. तो चालता येते पण दम लागतो, अशा माणसासाठी आहे. ज्याला सगळा भार टाकून उभे राहावे लागते, त्याच्या हातून तो पुढे निसटेल. वहिनींनी फोनवर मामींचे नाव सुचवले, ते मला पटले, पण ठरवण्याआधी दोन मापे हवीत. मामींना नेहमीच्या चपला घालून, हात मोकळे सोडून ताठ उभे करावे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यावे. मुठी तेवढ्या उंचीवर बसवायच्या असतात. दुसरे माप त्यांच्या मोरीच्या दाराचे. वॉकर ६२ सेंटिमीटर रुंद आहे आणि जुन्या वाड्यातले दार दोन फुटी असेल, तर तो बाहेरच राहील. शिवाय त्यांच्या घरी उंबरठे किती, तेही मोजून कळवावे. एकापेक्षा जास्त असतील, तर आपण दुसरे कोणी पाहू; मामींना वाईट वाटू नये म्हणून आत्ताच त्यांच्याकडे वाच्यता करू नये.

काकांची काठी मात्र मी कोणाला दाखवलेली नाही. तिचे रबरी बूच एका बाजूने पार झिजले आहे, ते बदलून आणू की तसेच राहू देऊ, हे आईला विचारून कळवावे.

आईला साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली
धाकटी