चंद्रापर्यंतची सळई

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला तो सळईचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा हसू आले, दुसऱ्यांदा रक्तदाबाची गोळी शोधली. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत पोलादी सळई, इकडून ढकलली की तिकडचे टोक त्याच क्षणी हलणार, प्रकाशाला मात्र सव्वा सेकंद लागणार, म्हणून 'प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही' म्हणणारा आइन्स्टाइन चूक! अर्धे पान दिलेत आपण, वर रंगीत चित्र.

माझे वडील दौंडच्या बाजूला रेल्वेत की-मन होते, म्हणजे रुळांच्या चाव्या तपासून ठोकणारे. सुट्टीत मी त्यांच्यामागे रुळावरून हिंडायचो. ते तीनेकशे मीटर पुढे जाऊन हातोडा मारत, मी रुळाला कान लावून बसे. हातोडा पडलेला दिसे, लगेच रुळातून बारीक 'टिंग', आणि सुमारे सेकंदाने हवेतून 'ठक'. घाव एकच, ऐकू यायचा दोनदा. (तापल्या रुळाचा कानाला चटका बसे तो वेगळा.) पोलादातून धक्का सेकंदाला पाचएक किलोमीटर जातो. हवेतल्या आवाजाच्या पंधरापट खरा, पण प्रकाशापुढे साठ हजारावा हिस्सा. म्हणजे ती सळई सकाळी सहाला ढकललीत, तर चंद्रावरचे टोक दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वातीनच्या सुमारास हलेल. अणूने शेजारच्या अणूला रेटायचे, त्याने पुढच्याला, अशी ती रांग. त्यांना बांधून ठेवणारे बलही विद्युतचुंबकीय, प्रकाशाच्याच घरातले. ते प्रकाशाला मागे टाकणार कसे?

'घन पदार्थातल्या लहरींवर सापेक्षता तपासायला शास्त्रज्ञ घाबरतात' हे लेखातले वाक्य तर कहरच. २०१६ साली अमेरिकेतल्या बर्कली आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या शास्त्रज्ञ मंडळींनी क्वार्ट्झच्या स्फटिकांचे दोन दोलक (ठरावीक तालात कंप पावणारी उपकरणे) फिरत्या तबकडीवर ठेवून हेच पाहिले, की दिशा बदलली तर स्फटिकातल्या कंपनांची वारंवारता बदलते का. सापेक्षता खरी असेल तर बदलू नये, आणि नाही बदलली. घाबरलेली माणसे अशी तबकडी फिरवत बसत नाहीत.

हे सगळे सोडूनही दिले असते. पण आमच्या सातवीतल्या नातवाने तो लेख कापून विज्ञानाच्या वहीत चिकटवला आणि बाईंनी लाल शाईने 'छान!' असा शेरा दिला. मी रुळाची गोष्ट सांगू लागलो तर म्हणतो, "आजोबा, पण पेपरात छापलंय ना!" आता या वयात मी पेपराशी भांडू की नातवाशी? खुलासा छापणार असाल तर कृपया त्याच पानावर आणि तेवढ्याच टायपात छापा, म्हणजे वहीत शेजारी चिकटवता येईल.

आणि हो, गुरुवारच्या शब्दकोड्यात १४ आडवे चार घरांचे होते. शुक्रवारी आपण दिलेले उत्तर पाच अक्षरी आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, दौंड