ओरेगॉनमध्ये कृष्णवर्णीय इतके कमी का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील आपल्या लेखात ओरेगॉनने गुलामगिरी नाकारल्याचा गौरवाने उल्लेख आहे. माहिती खरी आहे, पण अपुरी. नोव्हेंबर १८५७ मध्ये राज्यघटनेवर मतदान झाले, तेव्हा गुलामगिरीला नकार देणाऱ्या त्याच मतदारांनी कृष्णवर्णीयांना राज्यात येण्याची बंदीही ८,६४० विरुद्ध १,०८१ मतांनी मंजूर केली. आधीपासून राहत नसलेल्या कृष्णवर्णीयाने तिथे यायचे नाही, जमीन घ्यायची नाही, करार करायचा नाही, कोर्टात दावा लावायचा नाही, असे ते कलम होते. १८५९ मध्ये ते घटनेत ठेवूनच ओरेगॉन राज्य झाले. कलम रद्द व्हायला १९२६ साल उजाडले.

ओरेगॉन सोडून न जाणाऱ्या कृष्णवर्णीयाला चाबकाचे फटके देण्याचा १८४४ चा कायदा नेहमी सांगितला जातो. तो मात्र वर्षभरातच मोडीत निघाला. प्रत्यक्षात हद्दपारीही क्वचितच झाली. १८५१ मध्ये हद्दपार झालेले कृष्णवर्णीय व्यावसायिक जेकब व्हँडरपूल यांचे प्रकरण ठळकपणे नोंदलेले आहे. खरा अडसर जमिनीचा होता. १८५० च्या केंद्रीय कायद्याने गोऱ्या वसाहतकाऱ्याला ३२० एकर, जोडप्याला ६४० एकर जमीन फुकट मिळे. अट एवढीच की चार वर्षे राहून ती कसायची. कृष्णवर्णीयांना यातून वगळले होते. जॉर्ज वॉशिंग्टन बुश हे सधन कृष्णवर्णीय शेतकरी १८४४ मध्ये तांडा घेऊन आले आणि तो फटक्यांचा कायदा पाहून कोलंबिया नदीच्या उत्तरेला गेले. तिथेही स्वतःच्याच शेतावर हक्क मिळवायला १८५५ मध्ये काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) खास कायदा करावा लागला. ज्याच्यासाठी काँग्रेस धावली नाही, त्याच्या मुलांना वारसा कुठून मिळणार?

पुढे दुसऱ्या महायुद्धात पोर्टलंडच्या जहाज कारखान्यांना कामगार हवे झाले. पण शहरातल्या घरजमिनीच्या दलालांच्या संघटनेने १९१९ पासूनच गोऱ्या वस्तीत कृष्णवर्णीयांना घर विकणे निषिद्ध ठरवले होते. म्हणून १९४२ मध्ये नदीकाठच्या सखल जागेत व्हॅनपोर्ट ही तात्पुरती वसाहत उभी राहिली. ३० मे १९४८ च्या सकाळी गृहनिर्माण प्राधिकरणाने घरोघरी पत्रके टाकली: बांध सध्या सुरक्षित आहेत, गरज पडल्यास सूचना मिळेल, घाबरू नका. दुपारी सव्वाचारच्या सुमारास पश्चिमेकडचा बांध फुटला. मुळात तो रेल्वेमार्गाचा भराव होता, पूर रोखण्यासाठी बांधलेला नव्हता. निदान १५ माणसे गेली, सुमारे १८,५०० बेघर झाली. त्यांत अंदाजे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते.

या कृष्णवर्णीयांना उरला तो मुख्यतः पोर्टलंडमधला अल्बिना भाग. तिथेही सरकारी नकाशे पोहोचलेच: आधी क्रीडागृह, मग महामार्ग, नंतर सत्तरच्या दशकात इमॅन्युएल रुग्णालयाचा विस्तार. रुग्णालयासाठी सुमारे ३०० घरे व दुकाने पाडल्यावर केंद्राचा निधी आटला आणि मोकळी केलेली बरीचशी जमीन अनेक दशके तशीच पडून राहिली. घरमालकाला एकदाच भरपाई मिळाली, तीही पडत्या भावाची. नंतर भाव चढले ते दुसऱ्याच्या नावावर.

गुलामगिरी होती की नव्हती एवढ्यावर न थांबता ओरेगॉनचा हा जमिनीचा हिशेबही आपण वाचकांसमोर मांडावा, ही विनंती. घटनेतले कालबाह्य वर्णवाचक शब्द काढण्यासाठी २००२ मध्ये तिथे मतदान झाले, तेव्हाही सुमारे २९ टक्के मते विरोधात पडली.

कळावे,
एक नियमित वाचक