महसूलमंत्र्यांना खुले पत्र: माझं नाव चुकीच्या रकान्यात आहे

माननीय महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

आमच्या वावराचा सातबारा समोर घेऊन बसले आहे. खातेदार, म्हणजे जमिनीचा मालक, म्हणून मुलाचं नाव. उजवीकडे 'इतर अधिकार'मध्ये सोसायटीच्या कर्जाचा बोजा, आणि त्याच्या खाली मी. घरधनी 2014 मध्ये गेले. मुलगा अज्ञान होता, म्हणून त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञानाची पालक, म्हणून माझं नाव लागलं. तो सज्ञान झाला तसा शेरा निघाला. माझ्याकडे उरलं ते बोजाचं शेजारपण.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. पेरणी, निंदण, कापसाची वेचणी माझ्याकडे. पीककर्जाला सही मात्र त्याची. शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेले, तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर, आणि तो रात्रपाळी करून झोपलेला. सेंटरवरच्या पोरानं विचारलं, "काकू, शेतकरी नक्की कोण आहे?"

1970-71 साली राज्यात सरासरी वहितीखाते, म्हणजे एका शेतकऱ्याच्या कसण्यातली जमीन, 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 मध्ये 1.34 चं. एवढ्याशा तुकड्यावर भागत नाही, म्हणून पोरं शहर गाठतात आणि वावरात बाया उरतात. पण त्याच 2015-16 च्या कृषी गणनेत देशभरात शंभर वहितीदारांमागे बाया चौदासुद्धा भरल्या नाहीत.

नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायच्या लक्ष्मीमुक्ती योजनेचा शासननिर्णय 1992 चा. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं गावोगाव बायकांच्या नावे जमिनी करायला लावल्या होत्या. चांगलंच काम. पण योजनेत अर्ज नवऱ्यानं करायचा. नवराच नसेल तर? जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर? विदर्भात अशी घरं किती, ते मी तुम्हाला सांगायला नको. (माहेरच्या जमिनीचं हक्कसोडपत्र मीच करून दिलं. भावानं साडी घेतली, मी सही केली. त्याचा दोष तुम्हाला देत नाही.)

'जिवंत सातबारा' मोहिमेत तुमच्या खात्यानं मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावली. आता जिवंत बायांची नावं बरोबर रकान्यात लावा. वारस असलेल्या विधवेचं नाव 'इतर अधिकार'मधून खातेदारात घ्यायला तिच्या अर्जाची वाट पाहू नका. सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलायला फेरफार अदालती भरतातच, त्यातच हे उरका.

मी अर्ज दिला आहे. तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, म्हणाले, "मुलाची संमती आणा." दिवाळीला तो आला की आणते. तेव्हा नेमकी वेचणी सुरू असेल.

आपली,
एक शेतकरीण, जि. यवतमाळ