लातूरला तपासणीला जाण्याआधी

उदगीर,
रविवार

प्रिय बाळू,

परवा फोनवर बोलता बोलता तू एकदम थांबलास. पोरं जवळ असतील, ओळखलं मी. पण रात्री लघवीला चारदा उठावं लागतं आणि धार बारीक झालीय, एवढ्यात सगळं आलं. गड्या, माझंही दिवाळीपासून तेच चाललं होतं. लाजेपायी तुलासुद्धा बोललो नाही.

लातूरला तुझी लघवीची धार मोजायची तपासणी आहे, तिच्यात भिण्यासारखं काही नाही. सुई नाही, भूल नाही. नरसाळ्यासारख्या भांड्यात लघवी करायची, खालचं यंत्र सेकंदाला किती मिली येते त्याचा आलेख काढतं. मग लगेच पोटावर सोनोग्राफी, आत किती उरली ते बघायला.

गोची एकच, पाण्याची. मी लातूरच्या स्टँडवर उतरलो अन् सवयीनं आधी मोकळा होऊन आलो. यंत्रात आले ९० मिली! तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, निदान १५० तरी लागते, नाहीतर आलेख धरता येत नाही." बसवलं बाहेर. मी ईर्षेनं दोन बाटल्या रिचवल्या. तासाभरात पोट नगाऱ्यासारखं, आणि आत नंबर दुसऱ्याचा. लई तुंबली की लघवीची पिशवी ताणते, मग धारही खरी येत नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मी पाणी पिऊन हैराण!

तू अंबाजोगाईहून निघताना जाऊन ये, गाडीत घोटभरच पी. तिथं पोचून नंबर कधी लागेल ते विचार, मगच अर्धा-पाऊण लिटर हळूहळू घे. नेहमीसारखी लागली की सांग, दम काढत बसू नको. करताना जोर लावायचा नाही. तू हट्टी, आकडा चांगला यावा म्हणून लावशील! धार इकडंतिकडं हलवायची नाही, यंत्र फसतं. मनासारखी झाली नाही तर तसं सांग, परत घेतात.

आधीचे तीन दिवस वहीत मांडून ने: किती वाजता, किती प्यालास, किती झाली. मापाचं भांडं वेगळं आण, स्वयंपाकघरातलं उचललंस तर वहिनी घरात घेणार नाहीत. बीपी-शुगरच्या गोळ्यांची चिठ्ठी खिशात ठेव, आपल्या मनानं काही बंद करू नको. सर्दीच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते, घेत असशील तर सांग. जळजळ, ताप असेल तर तेही आधीच सांग.

माझी धार सेकंदाला ९ मिली निघाली, आत १८० मिली उरलेली. १५ च्या वर असली तर बहुतेक ठीक म्हणतात, १० च्या खाली म्हणजे वाट अडलीय नाहीतर पिशवीच थकलीय. यातलं कोणतं, ते नुसत्या आलेखावरून कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी पुढं अजून तपासलं. आता रात्रीची एक गोळी चालू आहे. पहिल्या दिवशी उठताना चक्कर आली, पण सध्या एकदाच उठतो.

आणि हे बघ, मधेच कधी लघवी पूर्ण बंद झाली तर तारखेची वाट बघू नको, रात्र असली तरी दवाखाना गाठ.

निघायच्या आदल्या दिवशी फोन कर, मी उदगीरहून येतो. बाटली माझ्याजवळ राहील, मी म्हणेन तेव्हाच प्यायचं.

तुझा,
दत्ता