उशिरा येणाऱ्यांची भाकर

सोलापूर

प्रिय विजय,
प्रभूमध्ये सलाम.

परवा फोनवर म्हणालास, तुमच्या पुण्याच्या चर्चच्या मंडळीत उपासनेनंतरचं जेवण बंद करायचं चाललंय. प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, झाला की पुरे, वर जेवणावळी कशाला, असं कमिटीचं म्हणणं. तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आता लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीचा उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळचा प्रसंग तुला कधी सांगितला नाही, कारण सांगायची लाज वाटायची. प्रीतिभोजन ठरलं होतं. ज्यानं त्यानं आपल्या घरचं आणायचं. साडेसातला प्रार्थना झाली आणि आम्ही डबे उघडले. आमच्या डब्यात भरलं वांगं, शेंगांची चटणी, दही असं सगळं होतं. प्रत्येक घर आपापला गोल करून बसलं. कुंभारीच्या विडी घरकुलातल्या बाया अजून यायच्या होत्या. दिवसाच्या विड्या मोजून कारखान्यात दिल्याशिवाय त्यांना निघता येत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तरी जेवलो. त्यांच्यातल्या एक मावशी आल्या तेव्हा आम्ही बोटं चाटत होतो. फडक्यात चार भाकऱ्या बांधून आणल्या होत्या त्यांनी. एकदा सगळीकडे पाहिलं, गाठ पुन्हा आवळली आणि म्हणाल्या, "माझं जेवण झालंय की."

झालं नव्हतं रे.

त्या रात्री बायबलातला १ करिंथ ११, म्हणजे प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय, काढून वाचला. लहानपणापासून तो अध्याय प्रभुभोजनाच्या विधीतच ऐकलेला, तोही मधल्या काही ओळी. पुढचं-मागचं कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं. तिथे पौल रागावलाय तो नेमका ह्याच गोष्टीवर: जो तो आधी आपलंच जेवतो, एक भुकेला राहतो नि दुसरा पिऊन तर्र होतो. सुमारे इ.स. ५५ मधलं पत्र आहे ते. गुलाम आणि मजूर काम संपवून उशिरा पोचत असणार, असं बरेच अभ्यासक मानतात. आणि ३३ व्या ओळीत उपाय काय सांगितलाय? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. एवढंच. मला तर तिथे मावशींचं फडकंच दिसलं.

त्या काळी भाकर मोडणं आणि पोटभर जेवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. पुढे त्या वेगळ्या झाल्या. तरी दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की जे हजर नसत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देत. आपल्याकडे तर एका पंगतीला बसण्याला अजूनच मोल आहे. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्या बाईंना सगळ्यात जड गेलं ते कोणाच्या हातचं खायचं-प्यायचं हेच. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला तेव्हा पौलानं त्याला तोंडावर जाब विचारला होता. म्हणून ही फक्त जेवणाची बाब आहे असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

यंदा आम्ही पद्धत बदलली. दारातच सगळे डबे घेतले. भाज्या दोन मोठ्या पातेल्यांत, भाकऱ्यांची चळत एका परातीत. आपल्या सोलापूरच्या ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, चाळीस घरांच्या. पोरांना गूळ-शेंगदाणे दिले आणि थांबलो. पावणेनऊ वाजले. एकदोघांनी कुरकूर केली, पण पाळक शांतपणे गाणी घेत राहिले. बाया आल्या, हातपाय धुतले, मगच पंगत बसली. सगळ्या भाज्या एकत्र केल्यानं चव जरा बिघडली होती हे खरं. मावशींनी ह्या वेळीही भाकऱ्या आणल्या होत्या, त्या परातीत गेल्या. माझ्या ताटात आलेली कोणाची होती, मला कळलं नाही. चांगली खरपूस होती.

प्रभूच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर" म्हणताना आता मला "आमची" ह्या शब्दावर थांबायला होतं.

खर्चाचं म्हणशील तर मंडळीचा एक रुपया लागला नाही. कमिटीची बैठक होईल तेव्हा हे सगळं सांग. पण त्याआधी एक कर: येत्या रविवारी दारापाशी उभा राहा आणि तुमच्यात उशिरा कोण येतं, का येतं, ते पाहून मला कळव.

वहिनींना सलाम, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सॅम्युएल