अकरा पावले

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठ महिने झाले आणि मी उत्तर दिले नाही, याची खंत मनात आहेच. पण आज लिहायला बसले त्याचे खरे कारण वेगळे आहे. गेल्या रविवारी असे काही घडले की ते सांगायला तुझ्याशिवाय दुसरे माणूस मला सुचले नाही. घरी सांगितले असते तर सर्वांनी कौतुकाने ऐकून घेतले असते आणि फोटो दाखव म्हणाले असते. तू मात्र पहिल्याच वाक्याला भुवया उंचावशील, आणि मला तेच हवे आहे. माझी तब्येत ठीक आहे, पाठ अधूनमधून दुखते, औषध चालू आहे. आता मुद्द्याचे सांगते.

मी वाघ बघायला गेले होते. एकटी.

कामानिमित्त मी पंधरा दिवस फ्लोरिडात, ऑर्लँडोला होते. मधल्या रविवारी सुट्टी होती आणि बरोबरच्या मंडळींनी सीवर्ल्ड या समुद्री प्राण्यांच्या उद्यानाचा बेत केला. मी येत नाही म्हणाले. का, ते सांगत बसले नाही. मार्च २०१६ मध्ये सीवर्ल्डने ऑर्कांची, म्हणजे त्या काळ्यापांढऱ्या शिकारी देवमाशांची, पैदास थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हा तुझा ‘बघ’ एवढा एकच शब्द आला होता, आणि त्या शब्दाला मी अजून उत्तर दिलेले नाही. म्हणून मी डिस्नेच्या ॲनिमल किंग्डम या प्राणी-उद्यानाची वाट धरली. २२ एप्रिल १९९८ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, ते सुरू झाले, आणि प्राणी बंदिस्त ठेवावेत की नाही, हे आपले भांडणही साधारण त्याच सुमाराचे. त्या भांडणाचा निकाल लागायचाच असेल तर तो अशाच ठिकाणी लागेल, असे माझ्या मनाने घेतले होते.

एकटीने जायची आधी थोडी धास्ती वाटत होती. प्रत्येक दारावर ‘किती जण?’ असे विचारतात आणि आपण एक बोट वर करतो. दोनचार वेळा ते अवघड वाटले, मग वाटेनासे झाले. उलट, कोणाला भूक लागली, कोणाचे पाय दुखले, कोणाला पुढच्या पाळण्यात बसायचे आहे, यातले काहीच नसल्यामुळे मी हव्या त्या जागी हवा तेवढा वेळ उभी राहू शकले. असा आख्खा दिवस मला किती वर्षांनी मिळाला, ते तूच मोज.

उन्हे चढण्यापूर्वी जनावरे हिंडतीफिरती असतात, म्हणून दार उघडताच मी आधी सफारी गाठली. ‘किलिमांजारो सफारी’ हे तिचे नाव. सुमारे ११० एकरांचा माळ, आणि त्यातून उघड्या ट्रकमधून वीसएक मिनिटे फिरवतात. मला रांगेच्या टोकाची जागा मिळाली. वाटेत एक जिराफ रस्त्यावर येऊन उभा राहिला. ट्रक थांबला. त्याची मान माझ्यापासून दीड हातावर होती, आणि तिच्यावरचे तपकिरी ठिपके कडेला सुकलेल्या चिखलासारखे किंचित फाटलेले दिसत होते. तो रवंथ करत होता. घास गळ्यातून खाली जाताना आणि पुन्हा वर येताना कातडीखालून स्पष्ट दिसत होता. ट्रकमध्ये कोणी बोलत नव्हते. कुमुद, त्या दोन मिनिटांत मला इतका आनंद झाला की माझे डोळे भरून आले, आणि लगेच मनात तुझा आवाज उमटला: ‘आणि कुंपण कुठे आहे?’

मग मी कुंपण शोधू लागले, आणि तिथून पुढे दिवसभर माझी सुटका झाली नाही. सिंह एका उंच खडकावर पहुडले होते, त्यांच्या आणि आमच्यामध्ये काहीही दिसत नव्हते. पण मध्ये खोल चर असतो आणि तो अशा बेताने खणलेला असतो की ट्रकमधल्या माणसाच्या नजरेला जमीन सलग वाटावी. रस्त्यावर चाकोऱ्या उमटलेल्या दिसतात, पण तो चिखल नाही, रंगवलेले काँक्रीट आहे आणि चाकांचे ठसे ते ओले असताना मुद्दाम उठवलेले आहेत. पाणी, दगड, झुडपे, चढउतार, या साऱ्यांनी मिळून भिंतीचे काम करायचे आणि भिंत म्हणून कोठेही दिसायचे नाही, अशी ही रचना आहे. ज्यांनी ती केली त्यांच्या कसबाला तोड नाही, हे मी मनापासून म्हणते. पण माझ्या मनात जे रुतून बसले ते असे: हे कुंपण लपवले आहे ते कोणापासून? चर सिंहाला रोज दिसतो. तो त्याच्या काठापर्यंत जाऊन आलेला असतो. दिसत नाही तो मला. म्हणजे जिराफाजवळ मला जो आनंद झाला, तो त्याच्या मोकळेपणाचा होता की माझ्या डोळ्यांची समजूत काढली गेली, त्याचा?

तू म्हणशील, हेच मी तेव्हा सांगत होते. नाही, कुमुद, तू हे सांगत नव्हतीस. प्राणिसंग्रहालयाच्या त्या सहलीत तू वाघाच्या पिंजऱ्यासमोर उभी राहून पावले मोजत होतीस. अकरा पावले, मग वळण. अकरा पावले, मग वळण. आणि वळताना तो भिंतीच्या त्याच डागाला दर वेळी नाक लावत होता. तू चाळीस फेऱ्या मोजल्यास आणि एक शब्दही न बोलता बाहेर निघून गेलीस. मी मागे राहून सगळ्या सहलीला सांगत होते, की प्राणिसंग्रहालये नसती तर लोकांना वाघाची माया कशी लागली असती. परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस, अप्पांनी दोघींना शेंगा दिल्या तरी माझ्या हातून घेतल्या नाहीस. त्यानंतर २००३ मध्ये तू मला ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकातल्या त्या शोधनिबंधाची प्रत धाडलीस, ऑक्सफर्डच्या दोघींचा, ज्यात दाखवले होते की निसर्गात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर जितका विस्तीर्ण, तितकी बंदिवासात त्यांची येरझार आणि पिल्लांचे मृत्यू जास्त, आणि ध्रुवीय अस्वलाचे नेहमीचे आवार हे त्याच्या किमान वावरक्षेत्राच्या दहा लाखांश भागाएवढे असते. समासात तू लाल शाईने फक्त ‘११’ लिहिले होतेस. तो कागद माझ्याकडे अजून आहे. मी रागावले होते, पण जपून ठेवला.

माझी बाजू तेव्हाही पोकळ नव्हती, आणि ती मी आजही सोडलेली नाही. युगांडातले गेंडे १९८०च्या दशकाच्या आरंभी शिकारीने पार संपले होते, त्या देशात एकही उरला नव्हता. २००६ मध्ये याच ॲनिमल किंग्डममधून दोन पांढरे गेंडे युगांडातल्या झिवा अभयारण्यात पाठवले गेले. त्यांतल्या मादीचे नाव नंदी. २००९ मध्ये नंदी व्याली. त्या देशात जवळजवळ तीस वर्षांत जन्मलेले ते पहिले गेंड्याचे पिल्लू. बाप केनियातला आणि आई अमेरिकेतली म्हणून त्याचे नाव ओबामा ठेवले. याला तुझ्याकडे उत्तर काय? तुझे उत्तर मला ठाऊक आहे: ‘नंदी गेली, बाकीचे तिथेच आहेत.’ बघ, तुझी वाक्येही आता मीच बोलू लागले आहे.

मधल्या बेटावर एक प्रचंड वृक्ष उभारला आहे, १४५ फूट उंच, आतून समुद्रातल्या तेलविहिरीच्या सांगाड्यासारखा आणि बाहेरून तीनशेहून अधिक प्राण्यांच्या कोरीव आकृत्यांनी भरलेला. त्याच्या बुंध्याशी एक चिंपांझी कोरला आहे, डेव्हिड ग्रेबियर्ड. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडाल उद्यान सुरू होण्यापूर्वी तिथे आल्या तेव्हा त्यांनी ‘यात चिंपांझी आहे का?’ असे विचारले आणि त्यानंतर हा कोरला गेला. १९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढताना त्यांनी पाहिला तो हाच. प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा तू वहीत काडी काढली होतीस, वाळवी काढली होतीस आणि चिंपांझीऐवजी मला काढले होतेस. गुडालबाई २०२५च्या ऑक्टोबरात गेल्या. त्या दिवशी तुला फोन करायला हवा होता. केला नाही. त्या दगडी हनुवटीसमोर उभी असताना सर्वांत जास्त टोचले ते हेच.

एव्हरेस्ट नावाच्या, बनावट डोंगरातून रुळांवर धावणाऱ्या पाळण्यात मी बसले, कारण एकट्या माणसासाठी तिथे वेगळी रांग असते आणि जिथे एखादी जागा रिकामी राहील तिथे आपल्याला बसवतात. डोंगर १९९.५ फूट उंच आहे. दोनशे भरले असते तर विमानांसाठी वर लाल दिवा लावावा लागला असता. रूळ तुटलेले दिसतात, गाडी थांबते आणि अंधारात उलटी मागे घसरते. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईने माझा हात घट्ट धरला आणि उतरल्यावर दोघी हसत सुटलो. तू असतीस तर रांगेतूनच परत फिरली असतीस. वसतिगृहाचा तिसरा मजलाही तुला उंच वाटायचा. गोरिलांच्या वाटेवर एका झुलत्या पुलाच्या एका बाजूला कुटुंबकबिला राहतो आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या नरांचा कळप. तो कळप पाहून मला समोरच्या मुलांच्या वसतिगृहाची इतकी तीव्र आठवण झाली की मी मोठ्याने हसले. तो एकेक जण पोटावर हात ठेवून अगदी त्याच ऐटीत बसला होता.

आता वाघ.

आशिया विभागात ‘आनंदपूर’ नावाचे एक काल्पनिक राज्य रचले आहे आणि तिथल्या राजाच्या जुन्या शिकारखान्याचे पडके अवशेष म्हणून जे बांधले आहे, त्यात सुमात्राचे वाघ राहतात. बालीचा वाघ गेला, जावाचा गेला, इंडोनेशियात उरला तो एवढाच, आणि तोही जंगलात काही शेच. भिंतींवरचा रंग पावसाने उतरल्यासारखा दाखवला आहे, कमानींत काचा आहेत, आणि पलीकडच्या मोकळ्या जागेत काळवीट चरतात. नजरेला वाघ आणि काळवीट एकाच रानात दिसतात. तिथेही चर आहे. तोवर मला चर ओळखता येऊ लागले होते.

वाघीण काचेजवळच झोपली होती. माझ्या मागून माणसांचे लोंढे आले आणि गेले. प्रत्येक जण ‘झोपलाय’ म्हणत मिनिटभर थांबायचा. मी हलले नाही. तिच्या पुढच्या पंजाच्या बोटांमधले केस ओले होऊन चिकटले होते, कानामागचा पांढरा ठिपका माशी बसली की थरथरायचा, आणि श्वास सुटताना तिच्या तोंडासमोरची दोन गवताची पाती वाकायची आणि परत सरळ व्हायची. मी पाऊण तास ती पाती बघत होते. मग ती उठली, अंग ताणले आणि भिंतीच्या कडेने चालू लागली.

माझ्या पोटात गोळा आला. मी मोजायला लागले, कुमुद. ठरवून नाही, ओठ आपोआप हलू लागले. एक, दोन, तीन. नऊ झाली, दहा झाली. अकराव्याला मी श्वास रोखून धरला. ती वळली नाही. बारा, तेरा, अठरा; मग ती कमानीमागून पुढे निघाली, पाण्याशी पोहोचली, मागच्या बाजूने आधी, शेपटी सांभाळत, हळूच पाण्यात उतरली आणि मानेपर्यंत बसून राहिली. मी सव्वीसपर्यंत मोजले होते. पुढचे दिसेनासे झाले, कारण मी रडत होते.

आता माझी काळजी ऐक. त्या क्षणी मला वाटले की मी जिंकले. सत्तावीस वर्षांनी तुला दाखवायला माझ्याकडे न वळलेली वाघीण आहे. आणि तो विचार संपायच्या आत दुसरा आला, की एका दुपारच्या सव्वीस पावलांवर मी एवढी हुरळून जाते, याचा अर्थ मी वाघिणीकडे बघायला आलेच नव्हते, मी स्वतःला निर्दोष ठरवायला आले होते. तिला तिथे बरे वाटते की नाही, हे मला काचेतून कळणार नाही. ती संध्याकाळी आत जाते तेव्हा काय करते, मला दिसत नाही. तरीही तिच्या जातीची काही शेच जनावरे उरलेली असताना तिने तिथे नसावे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या दोन्ही गोष्टी मी घेऊन आले आहे आणि आठवडाभर त्या एकमेकींना जागा देत नाहीत. पूर्वी तुझी बाजू तुझ्याकडे असायची आणि माझी माझ्याकडे, ते सोपे होते.

वटवाघळांच्या दालनाला काही खिडक्यांत काच नाही, आणि चार हातांवर उलटी लटकलेली ती भली मोठी वटवाघळे पाहून मी तुझ्या वतीने घाबरून घेतले, हेही सांगायचे राहिले होते.

तुझे काय चालले आहे? नव्या घरात सामान लागले का? चिनूचा निकाल चांगला लागला असे ताईकडून कळले, तिला माझा आशीर्वाद सांग. आईंचा गुडघा कसा आहे? भाऊजींना नमस्कार. बदलीचे काय झाले ते सविस्तर लिही. मी आठ महिने लावणार नाही.

आणि एक विचारायचे आहे. त्या दिवशी तू चाळीस फेऱ्या मोजल्यास, त्यांत त्या वाघाने एकदा तरी मान वर करून तुझ्याकडे पाहिले होते का? मी सहलीकडे तोंड करून बोलत होते, त्यामुळे मला ठाऊक नाही. माझ्या वाघिणीने पाण्यात बसल्यावर एकदा पाहिले. पाहिले म्हणजे नजर माझ्यावरून मागच्या भिंतीकडे गेली. तेवढे मात्र आठवून नक्की कळव.

तुझी,
सुधा