मंत्रिमहोदय, कुडा कोणता?

पुणे

मा. मंत्रिमहोदय,
स.न.वि.वि.

लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं-प्राणी आणि त्यांबद्दलचं लोकांचं ज्ञान लिहून ठेवणारी वही, गावाला मोबाइलवर दिसेल, असं आपल्या खात्यानं सांगितलं होतं. मावळातल्या एका गावाची परवा मिळाली. वाकडी स्कॅन केलेली पीडीएफ आणि जुन्या फाँटमधली एक फाइल, जी दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. 'हिरडा' शोधा, सापडत नाही. भारतीय भाषा संगणकावर आणणारी सरकारी संस्था सी-डॅक पुण्यात असताना युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच उघडणारी अक्षरं, गावापर्यंत पोचत नाही, हे कौतुकच!

आत लिहिलंय : 'कुडा. साल, जुलाबावर.' कोणता कुडा, पांढरा की काळा? झाडं वेगळी. जुलाबावर पांढऱ्याची साल. काळ्याची त्यात भेसळ होते. चीक दोघांना, शेंगा दोघांना जोडीनं. काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या, पांढऱ्याच्या सुट्या. नोंदवहीत फोटो मात्र नुसत्या पानाचा. साल खोडाभोवती गोल काढली की झाड मरतं, एका बाजूची पट्टीच घ्यायची, हेही कुठं नाही. मग जपलं काय?

नोंद नीट करायची तर फुला-फळासकट फांदी कागदात दाबायची, कागद रोज बदलायचा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. हा नमुना, फोटो आणि माहिती सांगणाऱ्याचा आवाज, तिघांना एकच क्रमांक. नमुना कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे ताडून घ्यायचा. आवाज वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, फाइलमध्ये ठेवायचा. मोनोत तासाला साधारण ३०० एमबी होतात, फार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला आवाज दाबला जातो, मग 'ळ' की 'ल' यावर वाद. सांगणाऱ्याला आधी विचारायचं : यातलं सगळ्यांसाठी काय, गावापुरतं काय? दुर्मीळ झाडाची नेमकी जागा उघडी टाकली की व्यापारी मुळासकट नेतात. आणि प्रती दोन ठिकाणी, शिवाय एक गावात, रेंजविना उघडणारी.

यात अवघड काय आहे? जैवविविधता कायदा २००२ चा. हरित लवादानं या वह्यांसाठी ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, नंतर महिन्याला १० लाखांच्या भरपाईचा धाक, तेव्हा राज्यांना जाग आली. वह्या भरण्याची घाई झाली. भगत, सुईण, गुराखी यांच्यापाशी बसायला वेळ कुणाला? २००१ पासूनचा केंद्राचा पारंपरिक ज्ञानकोश तर मुळात पेटंट कार्यालयांसाठी. त्यात जपानी, जर्मन आहे. मराठी नाही, आणि तोही पोथ्यांतून उचललेला, भगताच्या तोंडचं त्यात काही नाही. आमचं ज्ञान टोकियोत कळतं, मावळातल्या टाकव्यात नाही!

नमुना क्रमांक आणि युनिकोड मजकूर नसेल तर वही भरणाऱ्या ठेकेदाराचं पुढचं बिल अडवा. या वहीपासूनच सुरुवात करा.

आपले,
नोंदी तपासणारे काही पुणेकर